हार घातलेला फोटो

शिवांगी बाई,

सिरीयलमध्ये मी करत होतो तो बाप मागच्या आठवड्यात मेला. नाटक-सिनेमात जन्मभर दुसऱ्यांच्या लेकींचाच बाप झालो. आता सेटवर माझ्या फोटोला हार हाय, अन् तिथली लेक रोज हात जोडते.

हदगावच्या तुझ्या आत्यानं टीव्हीवर तो फोटो पाहिला अन् सुतक समजून डोक्यावरून पाणी घेतलं. शेजारणीनं मला फोन लावून दिला. "अक्का, मी जित्ता हाय गं," म्हणलं, तर शिव्या देत आणखीच रडली.

लातूरहून तुझा फोन आला न्हाई. तू सिरीयल बघतच नसशील, असं धरून चाललोय. म्हणून हे पत्र टाकत न्हाई. टाकलं, अन् तू बघतेस असं उत्तरातून निघालं, तर?

तुझा,
नांदेडचा बाबा