चिमीच्या तोंडावरची चादर

सोमवार

ती. अक्कास, बाळ्याचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला रडू आवरत नाही, म्हणून लिहितो. इस्पितळात आमच्या चिमीच्या गोळ्या मुद्दाम कमी केल्यात, फिट यावी म्हणून! जी टाळण्यात जन्म गेला, तिचीच वाट बघत बसायचं.

डोक्याला तारा चिकटवल्यात. मेंदूत वीज कुठे उसळते ते त्या दाखवतात. वीज उसळते तिकडे रक्तही धावतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. फिट सुरू होताच मी बटण दाबायचं, नर्सने सुई द्यायची. ते औषध रक्ताबरोबर तिथे जाऊन बसतं आणि मागाहून फोटोत दिसतं. तारा आणि फोटो एकच जागा सांगतील तरच ऑपरेशन. उशीर झाला तर फिट पसरते, रक्त भलतीकडे जातं.

काल फिट आली. आणि अक्का, मी बटण सोडून चादर ओढली नि तिचं तोंड झाकलं. घरी करतो तसंच, हात आपोआप गेला. कॅमेऱ्यात काही दिसेना. नर्स येईपर्यंत उशीर झाला. तारा म्हणतात डाव्या कानामागे, फोटोत अर्धं डोकं पेटलेलं. आता आणखी एकदाच बघणार, नाहीतर घरी पाठवणार. माझा हात पुन्हा तसाच गेला तर?

तुझा घाबरट भाऊ,
बाळ्या

गुरुवार

चि. बाळ्यास, अक्काचे आशीर्वाद.

जन्मभर शाळेची घंटा दिलीस आणि लेकीसाठी एक बटण दाबवलं नाही? दोन रट्टे द्यावेसे वाटले. मग आठवलं, चादर टाकायला मीच शिकवलं तुला. शेजाऱ्यांना दिसू नये, पोरीचं लग्न अडू नये म्हणून. लग्न झालं नाहीच, चादरी तेवढ्या विरल्या.

आता ती चादर नर्सच्या ताब्यात दे. बघू दे जगाला. आणि दोन घास खात जा, तूच आडवा झालास तर बटण कोण दाबेल?

माया पोचती करते,
अक्का

रविवार

ती. अक्कास सा. न.

झालं. चिमी मला दाढी करा म्हणून रागावत होती, वाक्य अर्ध्यातच तुटलं. मी बटण दाबलं ते सोडेचना. नर्सनेच बोट सोडवलं. सुई वेळेवर गेली. आता तारा आणि फोटो एकच जागा सांगतात.

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिलो. नुसते ओठ चाटत होती, दाराकडे कुणी आल्यासारखी बघत होती. शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, तेव्हा मी कशी दिसते. सांगितलं. ती म्हणाली, एवढंच? एवढ्यासाठी झाकत होता?

पण ती जागा बोलण्याच्या जागेला लागून आहे. काही शब्द जातीलही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. चिमीने तरीही हो म्हटलं. ऑपरेशन शुक्रवारी. पत्र मिळताच तू लगेच निघ.

सकाळपासून ती बोलतेय. नर्सची नक्कल, तुझ्या घोरण्याची गोष्ट, काहीही. नर्स म्हणते, तिला जरा पडू द्या. मी तिला थांबवत नाही.

तुझाच,
बाळ्या