मी बनवलेला शब्द

सोमवार, ३ जून
आल्या आल्या नको ते करून बसलोय. लिहून टाकतो, म्हणजे पोटात राहणार नाही.

हॉस्टेल झकास आहे. दोघांत एक खोली, दोन टेबलं आणि एक पंखा, जो फिरतो कमी नि कुरकुरतो जास्त. दादाने मला इंग्रजीच्या मोठ्या परीक्षेसाठी इथे धाडलंय. अवघड शब्द आणि लांबलचक उतारे. मला 'यस-नो'च्या पुढे घाम फुटतो, ते सोडा. खोलीतला दुसरा माझ्याहून जरासाच मोठा, पण वागतो असा की मी लगेच त्याचं नाव 'काका' ठेवलं. चिडला नाही. याच परीक्षेत दोनदा आपटलाय. या वेळी आपटला तर पुन्हा बसूच देणार नाहीत. त्याच्याकडे कार्डांचा गठ्ठा आहे, पुढे शब्द, मागे अर्थ. तो आंघोळीला गेला आणि माझे हात शिवशिवले. कोरं कार्ड घेतलं, मनाला येतील ती अक्षरं जोडून एक शब्द बनवला. हा असा: ▇▇▇▇▇▇. मागे अर्थ लिहिला, 'आपण वाचताना पाठीमागे उभा राहून आपल्याबरोबर वाचणारा'. दिला गठ्ठ्यात सरकवून. हसून हसून पोट दुखलं.

बुधवार, ५ जून
क्लासच्या मॅडमचा नियम आहे, नवा शब्द दिवसभर वाक्यांत वापरायचा, तोही मोठ्याने. वापरला की तो तुमचा. काका नियमाचा पक्का. जिन्यात, जेवताना, दाढी करताना माझाच शब्द घोळवत होता. त्याची वाक्यं करत होता: तो कपाटापाशी उभा आहे. तो पान उलटायची वाट बघतोय. मला हसू आवरेना, तर म्हणाला, लेका, तूही दोन वाक्यं कर, पाठ होईल. केली. न हसता केली, बक्षीसच द्या मला.

शनिवार, ८ जून
काकाने टेबल फिरवून खुर्ची भिंतीला टेकवलीये. का म्हणून विचारलं तर म्हणे, मागून कुणीतरी वाचतं. माझ्या आधी त्याचं पान संपतं, मग तो थांबतो. थांबलेला कळतो रे. मी म्हटलं, काका, चहा कमी कर.

सराव परीक्षेत त्याचा एकही उतारा पुरा झाला नाही. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, घरी जा, जागा तरी मोकळी होईल. तो मान खाली घालून ऐकत होता. मीही मान खाली घातली.

मंगळवार, ११ जून
परवा परीक्षा. काका पुस्तक उघडत नाही. भर दुपारी नुसतं ते कार्ड हातात धरून बसला होता. त्याच्या नि भिंतीच्या मध्ये, जिथे वहीसुद्धा मावणार नाही, तिथे काहीतरी वाकलं. मान होती. लांब.

सांगायला हवं. त्याने मारलं तर बरंच. पण नुसतं बघितलं माझ्याकडे, तर —

बुधवार, १२ जून
सांगितलं. म्हटलं, काका, तो शब्द तुझा नाही. माझा आहे, मी बनवलाय. त्याच्यासमोर कार्ड फाडलं. वाटलं, कानाखाली वाजवेल. त्याने नुसता श्वास सोडला. पाठ हलकी झाली म्हणाला.

मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. पाय वर घेतले खुर्चीवर —
म्हणाला, हो रे. तुझाच आहे.

गुरुवार, १३ जून
काका परीक्षेला गेला. शीळ घालत. मी नाही. प्रश्नपत्रिका वाचावी लागते —

लिहितानाही — माझं वाक्य संपायच्या आधी त्याचं वाचून होतं — मानेवर गार लागतं —

तो शब्द पहिल्या पानावर होता, खोडलाय. उजेडात धरून बघू नका.

पाया पडतो, कुणाला सांगू नका. दादाला तर नाहीच. आधी लाजेने म्हटलं असतं. आता — दादा विचारेल, कसला शब्द, आणि तुम्ही अर्थ सांगाल — अर्थ तर तुम्ही वाचलात — बहुतेक तेवढाच पुरतो —

हळू वाचा. शेवटी पोचू नका, तिथे तो आधीच —