विहाराच्या अंगणाचा उतार

९ नोव्हें., रवि.
लाज वाटली. दुसरा शब्द नाही.
सकाळी बुद्धवंदनेच्या आधी सुशीला मावशी आणि महिला मंडळाच्या बायांनी पाईप लावून विहाराचं अंगण धुतलं. नवीन फरशी घातल्यापासून पहिल्यांदाच. पाणी गेटाकडे जायला हवं होतं. गेलं सरळ हॉलमध्ये, सतरंज्यांखाली. बाया पदर खोचून सतरंज्या उचलताहेत, लोक चपला हातात घेऊन उभे, आणि ज्या बाईनं हे अंगण डिझाईन केलं ती, म्हणजे मी, खांबाला चिकटून.
बाबा म्हणाले, "पाईपच जास्त सोडला बायांनी." पाईप नेहमीइतकाच होता.

१० नोव्हें.
ऑफिस, समता कॉलनी. कोणाच्या तरी फार्महाऊसच्या लॉनवर झाडांचे गोल काढत बसले. लक्ष नव्हतं.
लँडस्केपचं एम.आर्क. म्हणजे काय, हे बाबांना कधी नीट सांगता आलं नाही. पहिल्या सेमला छोटी जागा, दुसऱ्याला मोठी, तिसऱ्याला ऑफिसात ट्रेनिंग (आत्ता तेच), चौथ्याला थिसिस. झाडं, माती, पाणी हे विषय बाजूनं चालतात, पण सगळा जीव स्टुडिओत, म्हणजे डिझाईनच्या विषयात. त्याला पेपर नाही. शीटा लावायच्या आणि ज्यूरीपुढे उभं राहायचं. बाबा ऐकून म्हणाले होते, "म्हंजे रोजचाच इंटरव्यू!" आणि रेल्वेतल्या आपल्या रिटायर्ड दोस्तांना सांगून आले, विहाराचं अंगण आपली पोट्टी करते. मी अडवलं नाही. फुशारकी मलाही आवडली होती.

१३ नोव्हें.
चूक सापडली.
ऑफिसातून उतार मोजायचं लेव्हल मशीन मागून आणलं. तिथले सीनिअर भैया: "अब नापोगी? पहले क्यों नहीं नापा?" मशीन उचलून निघाले.
बाबांनी पट्टी धरली, मी दुर्बिणीतून पाहिलं. हॉलकडची बाजू गेटापेक्षा चार बोटं खाली. आधी तिथे माती होती, पाणी पिऊन टाकायची, म्हणून कुणाला कळलं नाही. मी वरून फरशी घातली, 'आहे त्याच उतारावर'. उतार गेटाकडे आहे हे मी नजरेनंच ठरवलेलं.
स्टुडिओत साइटचा नकाशा लेव्हलसकट आयता हातात मिळतो. सर्व्हे कॅम्पमध्ये दुर्बिणीत दुसरेच बघायचे, मी लांब पट्टी धरून गप्पा मारत उभी. आणि साइट इंजिनिअरिंगला वर्गात पहिली! कुणाला सांगायची सोय नाही.

१६ नोव्हें., रवि.
सुशीला मावशींनी हॉलच्या दारात गोणपाटाची गुंडाळी लावून ठेवली आहे. मला म्हणाल्या, "राहू दे वं बाई. तू शिकूनच राहिली ना अजून." इतक्या मायेनं, की त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.
फरशी ज्या काका लोकांनी रविवार-रविवार खपून स्वतः वाहिली, त्यांच्याशी नजर चुकवून मागच्या दारानं सटकले. उखडून परत बसवावी लागणार. बाबांना सांगितलं. "पाहू पावसाळ्याच्या आधी. लोकायले आताच नको सांगू."

२० नोव्हें.
पुण्याहून मॅडमचा मेसेज (थिसिसच्या गाइड). ट्रेनिंग रिपोर्ट फार आवडला, त्यातही अंगण. विद्यार्थ्याचं काम असं प्रत्यक्ष झालेलं क्वचित दिसतं, वगैरे. थिसिस अशाच जागांवर घे, बाकीच्या प्राध्यापकांना मी समजावते. सोमवारी व्हिडिओवर ट्रेनिंगचा व्हायवा.
रिपोर्ट मी ऑक्टोबरात पाठवला. फोटो कोरड्या अंगणाचे, संध्याकाळच्या उजेडात. तेव्हा मला माहीत नव्हतं. आता आहे. उत्तर लिहिलं, पुसलं, लिहिलं, पुसलं. शेवटी पाठवलं, "थँक यू मॅम." श्शी.

२३ नोव्हें., रवि.
डोकं दुखतंय सांगून विहारात गेले नाही. बाबा एकटे गेले.
व्हायवात खरं सांगायचं. ठरलं. मार्क जातील, कदाचित थिसिसचा विषयही. जाऊ देत. आईला सांगितलं. आई: "मंग सांग ना. काहून रडून राहिली?"

२४ नोव्हें.
झाला व्हायवा.
बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं पलंगाच्या टोकाला बसले. "मले फक्त आयकाचं हाय." नको म्हणवेना.
मॅडम आणि बाहेरचे एक सर. फोटो पाहून सरांनी विचारलं, "छान आहे. अंगणातलं पाणी जातं कुठे?"
वाक्य तयार होतं. "सर, खरं म्हणजे..." एवढं म्हटलं आणि
"गेटाकडे जाते, सर," बाबा पलंगावरून बोलले. "एकदम बराबर जाते. म्या सोता पाह्यलं."
दर रविवारी सगळ्यांकडून पंचशील, त्यातलं 'खोटं बोलणार नाही' हेही, म्हणवून घेणारा माणूस.
सर हसले. "वडील का? नमस्कार." मॅडम म्हणाल्या, पुढच्या रविवारी अंगण धुतील तेव्हा व्हिडिओ काढ, ज्युनिअर्सना दाखवू. मी हो म्हटलं. बाबांच्या समोर बाबांना खोटं कसं पाडायचं?
लॅपटॉप मिटला. "पास ना?" बाबा खुशीत. मग माझं तोंड पाहून चष्मा पुसत बसले.
"रविवारी पाईप मी धरतो," म्हणाले. "गेटाजवळूनच सोडू, बाहेरच्या बाजूले. व्हिडिओत तेवढंच दिसन."
मी गच्चीवर येऊन मॅडमना फोन लावला. बिझी. परत लावलेला नाही.