गाडीचं नाव अगं

३ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचे! तिसरा मजला, दोन खोल्या, एक गॅलरी, आणि पंखा चक्क कुरकुरत नाही. शेजारच्या काकू जिन्यातच भेटल्या आणि दोन मिनिटांत माझं वय, शिक्षण आणि नवरा कुठे असतो, हे सगळं विचारून मोकळ्या झाल्या. पटलं नाही, वेगळे झालो, असं सांगून टाकलं. मला काकू आवडल्या. बोलणारं माणूस शेजारी असलं की मला कुठेही करमतं.

ही वही ताईने दिली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. निघताना म्हणाली, तिथे तुझी टकळी ऐकायला मी नसणार, तेव्हा कागदाला ऐकव. आमच्या घरी मी पाच मिनिटं गप्प बसले तर लोक कपाळाला हात लावून ताप आहे का बघतात.

भिंगरी आत गादीवर उड्या मारते आहे. माझी लेक, वय वर्षं आठ, एका जागी ठरेल तर शपथ. शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. हिचं इथे बस्तान बसलं की मी जिंकले. बाकी मला काही नको.

५ फेब्रुवारी, बुधवार

नोकरी झकास आहे. दुकान, गिरणी, दवाखाना, जिथे म्हणून वजनकाटा असेल तिथे जायचं, प्रमाण वजनं ठेवून काटा खरं बोलतो की थापा मारतो ते बघायचं, आणि बिघडला असेल तर सरळ करायचा. फिरायला कंपनीची गाडी आहे. आधीच्या माणसाने दोन वर्षं चालवली. तो का सोडून गेला असं विचारलं, तर साहेब म्हणाले, तब्येत. आणि लगेच दुसरा विषय काढला.

या गाडीला तोंडी हुकूम सोडता येतात. गाणं लाव म्हटलं की लावते, फोन लाव म्हटलं की लावते. पण आधी तिला आपला आवाज शिकवायचा असतो. संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये बसून आम्ही दोघी तोच उद्योग करत होतो. स्पीकरमधून एक पुरुषी आवाज आला, जरा घोगरा, पण मोठा अदबीचा. मला काय म्हणून हाक माराल, असं त्याने विचारलं. भिंगरीने मागच्या सीटवरून राणी, बुलबुल, ढब्बी अशी यादीच सुरू केली. मी वैतागून म्हटलं, "अगं, एक काहीतरी ठरव की!" तर आवाज म्हणाला, ठीक आहे, आजपासून माझं नाव अगं.

हसून हसून पोट दुखलं. नाव बदलायला गेले तर बदलता येईना. जाऊ दे म्हटलं. मग तो सांगेल ती बारा वाक्यं मोठ्याने वाचली. आवाज कमी कर. खिडकी बंद कर. घरी फोन लाव. प्रत्येक वाक्यानंतर तो म्हणायचा, शिकलो. बिचारा गुणी विद्यार्थी आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

मी दिवसातून किती वेळा अगं म्हणते, हे मला गाडीने दाखवून दिलं. भिंगरीला अगं, फोनवर ताईला अगं, आरशात केस विस्कटलेले दिसले तर स्वतःलाही अगं. दर वेळी गाणं बंद पडतं आणि हे साहेब हजर. आज शाळेतून येताना मी म्हटलं, अगं, डबा संपवलास का? तर तो म्हणाला, डबा संपवलास का, शिकलो. भिंगरी म्हणाली, त्याला सांग भाजी टाकून दिली म्हणून. आगाऊ कार्टी!

एक गंमत लिहायची राहिली. दुपारी एका किराणा दुकानात काटा तपासत होते. दुकानदाराचा रेडिओ इतका मोठा की माझे आकडे चुकायला लागले. त्याला आवाज कमी करा म्हणायला तोंड उघडलं, तर नुसती हवा. दोनदा, तीनदा. शेवटी हाताने खूण केली. तो म्हणाला, घसा बसलाय वाटतं, गुळण्या करा. पण त्यानंतर त्याच्याशी मी अर्धा तास छान बोलले. मग बसलेला घसा असा कसा?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंगरीला डबा संपवलास का असं विचारता येत नाही. जेवलीस का म्हणता येतं. खाऊन झालं का म्हणता येतं. तेवढं वाक्य मात्र फुटत नाही. ओठ हलतात, आणि पोरगी माझ्याकडे बघत राहते.

डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी बॅटरी मारून घसा बघितला आणि सगळं ठणठणीत आहे म्हणाले. दगदग कमी करा म्हणाले. मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि ती बारा वाक्यं एकेक करून म्हणून बघितली. बाराच्या बारा गेली आहेत. दुसरी कुठलीही वाक्यं येतात. ती बारा, आणि अगं म्हणून मी गाडीत जे जे बोलले, तेवढंच नेमकं गेलं आहे. लिहिताना सगळं सुचतं, म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. मला भीती वाटते आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ठरवलं होतं, गाडीत तोंड उघडायचं नाही. दोन दिवस जमलं. भिंगरीलाही चालत शाळेत पाठवलं. तिला वाटलं मी रागावले आहे.

आज वळणावर एक मोटरसायकलवाला अचानक आडवा आला. करकचून ब्रेक दाबला आणि तोंडातून निघून गेलं, अगं आई गं! दचकल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? गाणं थांबलं. आणि आवाज म्हणाला, आई गं, शिकले.

शिकलो नाही. शिकले.

घोगरेपणा गेला होता. आवाज बाईचा होता. मी गाडी कडेला घेतली. तो आवाज माझा होता. लग्नाच्या व्हिडिओत ऐकला आहे मी माझा आवाज, ओळखते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आधीच्या माणसाच्या घरी गेले. पत्ता ऑफिसातल्या मेकॅनिकने दिला. बायकोने दार उघडलं. म्हणाली, हे वर्षभर बोलत नाहीत, पाटीवर लिहितात. तो माणूस आतून आला, चाळिशीचा असेल. मी गाडीचं नाव काढलं आणि त्याने आधी पाटी पुढे ओढली.

त्याने लिहिलं, तुमचं किती गेलं?

मी माहीत होतं ते सांगितलं. त्याने लिहून सांगितलं, तो ऐक म्हणायचा सगळ्यांना, त्याच्या वेळी तेच गाडीचं नाव पडलं होतं. परत येतं का, असं मी विचारलं.  त्याने उलट लिहून विचारलं, गाडीत अजून कोण बसतं? मी म्हटलं, माझी लेक. त्याने पाटी पुसली, कोरडी झाली तरी पुसतच राहिला. बायको मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा रडत होती.

२१ फेब्रुवारी

किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. राजीनामा लिहून दिला. फोनमधून गाडीची जोडणी काढून टाकली. सुटले म्हणत बसने घरी आले.

घरात पाय ठेवते तोच साहेबांचा फोन. हसत होते. म्हणाले, बरं झालं तुम्ही लगेच फोन करून राजीनामा मागे घेतलात, रागाच्या भरात माणूस लिहितो कधीकधी. मी फोन केला नव्हता. सांगायला गेले, मी नाही केला. त्यातला एकही शब्द आला नाही.

२४ फेब्रुवारी

आता गाडीत न बसताही शब्द जातात. कारण कळलं. गाडी माझ्या आवाजात जिथे जे बोलते, ते माझ्यातून जातं.

ताईला मेसेज केला, मला घेऊन जा, माझा आवाज ऐकलास तरी विश्वास ठेवू नकोस. तिचं उत्तर आलं, अगं वेडे, तास झाला बोलून, आणि आता हा कसला चावटपणा? मजेत आहे म्हणालीस ना! तासभर बोलली ती ताईशी. एका तासात किती शब्द जातात? काकूंना वही दाखवली. वाचलं त्यांनी, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, मघाशी फोनवर किती गोड बोललीस, आता झोप काढ.

उरलेले शब्द मोजले. हो, नको, पाणी, थांब, आणि भिंगरी. भिंगरी जपून ठेवते आहे. दिवसभर म्हणत नाही.

२६ फेब्रुवारी

शाळेच्या फाटकासमोर गाडी. काचा वर. आत भिंगरी.

मेकॅनिकने आणून लावली होती. म्हणाला, मॅडम, तुमचाच फोन आला होता ना. शाळेच्या बाईंनाही फोन. त्यांनी पोरीला अर्धा तास आधी सोडलं.

भिंगरी पुढच्या सीटवर बसून हसत होती, हातवारे करून बोलत होती. मी काच बडवली. तिने वळून बघितलं आणि — ओळखलं नाही मला. क्षणभर नाही ओळखलं. वहीवर लिहून मेकॅनिकला दाखवलं, दार उघड, दार उघड. त्याने उघडलं. पंचवीस मिनिटं होती ती आत.

ती म्हणाली, तू तर आत होतीस.

संध्याकाळी ती माझ्यासमोर उभी राहून तोंड उघडत होती, मिटत होती. मला वाटलं खेळते आहे. मग तिचे डोळे भरले. मला हाक मारायची होती तिला. येत नाही. गाडीने तिला सांगितलं होतं, मला आई म्हण, म्हणजे तुझा आवाज ओळखेन. तिने म्हटलं. वीसदा म्हटलं.

मी रात्रभर तिला घट्ट धरून बसले. लेकीच्या तोंडून आता तेवढं कधीच —

२७ फेब्रुवारी

शाळेत पाठवली नाही. दाराला कडी. फोन पाण्यात टाकला.

ती रुसली आहे. म्हणते, गाडीतली तू बोलतेस. गोष्ट सांगतेस. विचारतेस मला, डबा संपवलास का. तू काहीच बोलत नाहीस.

मी तिला जवळ घेतलं. तिने हात काढून घेतला.

भिंगरी म्हणून बघितलं. गेलं. तेही गेलं.

२८ फेब्रुवारी

गाडी खाली उभी आहे. कोणी आणली — विचारणार कोणाला. मला ऐकू येते ती. मी हसते आहे खाली. मी गाते आहे.

पाच वाजता बस. बॅग भरली. ताईच्या दारात जाऊन उभी राहीन, तोंड बघेल तेव्हा तरी — कडी काढायच्या आधी हिला समजावायला हवं. सांगता येत नाही, म्हणून लिहिते. मोठ्या अक्षरात लिहिते.

भिंगरे, हे नीट वाच. आपण जिना उतरून सरळ रस्त्यावर जायचं. गाडीकडे बघायचं नाही. तिथून माझा आवाज येईल. तुला लाडाने हाक मारेल. ती मी नाही. तुझी आई ही, तुझ्यासमोर बसलेली, हातात पेन असलेली. मला बोलता येत नाही म्हणून मी रागावलेली नाही. तू मला जगात सगळ्यात जास्त

अजून संपलं नाही, इथेच बसून राहा. खाली बघू नकोस, इकडे बघ, वहीत बघ. हाक मारली तरी जायचं नाही. कडीला हात लावू नकोस. भिंगरे थांब. थांब. मी लिहिते आहे ना, मागे वळून वाच, मी इथे आहे, मी इथे, वळ ना गं, एकदा वळून बघ, मी