गिटारीतली सनई

२० नोव्हेंबर १९९१, बुधवार

सनई निघाली! गिटारीतून सनई!

माझ्या भावानं, अण्णानं, वास्कोच्या एका खलाशाकडून हे हिरवं पेडल आणून दिलं, तेव्हापासून त्याच्यावर डोकं फोडत होते. पायाशी ठेवायची जाडजूड डबी. एका बाजूला गिटारीची वायर, दुसऱ्या बाजूनं वायर रेडिओच्या मागे. वर तीन बटणं – आवाज फाडायचं ड्राइव्ह, धार कमी-जास्त करायचं टोन, जोर वाढवायचं लेव्हल. मी आपली ड्राइव्ह पूर्ण फिरवून बसायची आणि आमच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतून करवत चालल्यासारखा आवाज यायचा. शेजारच्या क्वार्टरवाले भिंत ठोकायचे. आज टोन पार खाली घेतला, ड्राइव्ह निम्म्यावर, आणि तार दाबून सूर सरकवत नेला. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "कुणाच्या लग्नातली गं ही?"

अण्णा स्टेशनवरचा चहाचा स्टॉल बंद करून आला, त्याला परत वाजवून दाखवलं. "केशे, ह्यो एवढा आवाज ह्यात हुता व्हय?" म्हणाला.

होता की! काढणारं पाहिजे.

२४ नोव्हेंबर, रविवार

आजचा शोध – ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. मग पेडल स्वतः गुरगुरत नाही, रेडिओलाच गुरगुरायला लावतं! आवाज जाड होतो, गोड होतो, पण फाटत नाही. जोरात छेडलं तर ओरडतो, हलकं छेडलं तर बोलतो. आणि गिटारीवरचं आवाजाचं बटण करंगळीनं जरा मागे घेतलं की एकदम स्वच्छ, देवळातल्या लहान घंटेसारखा. पाय न हलवता इतके आवाज! मला वाटत होतं पेडल म्हणजे नुसता गोंगाट.

निवृत्त होऊन गोव्याला गेलेल्या गार्डमामांना हे ऐकवायला हवं होतं. त्यांनीच मला शिकवलं, जाताना गिटारही देऊन गेले. अण्णाही शिकायला यायचा तेव्हा. चार धडे झाले आणि कंटाळला.

२७ नोव्हेंबर

आईनं पेडलची बॅटरी काढून आपल्या ट्रान्झिस्टरला घातली आणि मेलेली मला! भांडणार होते. पण मरत्या बॅटरीवर आवाज घोगरा येतो, रडून रडून बसलेल्या गळ्यासारखा. ही टाकायची नाही.

१ डिसेंबर, रविवार



लोंढ्याच्या ऑर्केस्ट्राचा यशवंत आज गाडी चुकली म्हणून स्टॉलवर बसला होता. अण्णानं त्याला घरी आणलं – "माझ्या भनीचं वाजवणं तरी ऐका." जत्रांचा हंगाम तोंडावर आणि त्याचा गिटारवाला पुण्याला पळालेला. मी सनई वाजवली, मग सॅक्सोफोनसारखा जाड आवाज, मग घंटेचा. तो जमिनीवर बसून पेडलकडेच बघत राहिला. "एका डबीत समदी बँड पार्टी हाय की!"

मग आईला म्हणाला, "मावशी, पोरीला पाठवा. माझी बायको गाते, तिच्याजवळ ऱ्हाईल. खानापूरच्या कार्यक्रमापासनं सुरू."

आई म्हणाली, "देवाला इचारल्याबिगर मी काय बोलत न्हाई."

बरोबरच आहे. आमच्यात विहीर खणायची तरी कौल लावतात. मूर्तीला दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. पडलं की पडलं, त्यावर वाद नाही. डावा कौल आला म्हणून बाबांनी हुबळीची चांगली नोकरी सोडून दिली होती. जिवंत होते तोवर कधी हळहळले नाहीत.

देव नाही म्हणणार नाही. मला माहीत आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार

आई पहाटेच निघाली. तिच्या माहेरचा देव, बाजारकुणंगच्या पलीकडे रानात. मला जायचं होतं, आणि काल नेमकी बाहेरची झाले! देवळाच्या पायरीला शिवता येत नाही. अण्णाला स्टॉल सोडता येत नाही. एकटीच गेली बिचारी.

७ डिसेंबर

डावा.

८ डिसेंबर, रविवार

काल लिहवेना. आई आली, ओसरीवर बसली, तांब्याभर पाणी प्याली. "डावं पडलं गं बाय. म्या तरी काय करू?" मला जवळ ओढून रडली. मीही रडले. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. एवढं चालून गेली माझ्यासाठी, आणि हे घेऊन परत आली.

आणि देवा, तू? मी तुझं काय बिघडवलं होतं? लहानपणापासून तुझ्यापुढं नाक घासतेय. इतक्या वर्षांत एक गोष्ट मागितली. एक! असा दगा तर माणसंही देत नाहीत.

आज दिवा लावला नाही. आईनं गुपचूप लावला.

११ डिसेंबर, बुधवार

माणसंही देतात!

यशवंत उत्तर घ्यायला आला. आईनं डाव्या कौलाचं सांगितलं. तो डोकं खाजवत उभा राहिला. मग आईच म्हणाली, "मग गुणाला ने. त्योबी शिकलाय."

अण्णा! चार धड्यांवर सोडून दिलेला! मला वाटलं तो हसेल, म्हणेल मला कुठं येतंय. नाही. मान खाली घालून उभा. डोळ्यांत मात्र चमक दिसली मला. स्टॉलचा धूर सुटणार ना त्याचा!

मी म्हटलं, त्याचा कौल कुणी लावला? आई म्हणाली, "बाप्यांचं काय इचारायचं."

संध्याकाळी अण्णा हळूच म्हणाला, "केशे, पेडल लागंल गं."

"माझं आहे ते."

"आणलं कुणी?"

आणलं कुणी! केसानं गळा कापला माझा. परक्यानं नाही, सख्ख्या भावानं.

१३ डिसेंबर

गेला. गिटार ठेवली, यशवंतकडे दुसरी आहे म्हणून. मोठी मेहेरबानी! नुसती रेडिओला जोडून बघितली. टिणटिण.

स्टॉल आता मी आणि आई बघतो. माझं पेडल तिकडे, त्याची किटली माझ्या हातात.

२२ डिसेंबर, रविवार

अण्णा आला. तोंड उतरलेलं. खानापूरला सगळी बटणं घरी मी लावते तिथंच लावून बसला, आणि मोठ्या ॲम्प्लिफायरवर शिट्टीच सुटली! लोकांनी आरडाओरडा केला. सनईच्या जागी यशवंतला पेटी वाजवायला लागली.

"कशी काढतीस सनई, सांग की."

मला माहीत आहे. घरच्या रेडिओवरची जागा तिकडं चालत नाही – मोठ्या स्पीकरपुढं ड्राइव्ह अगदी कमी, टोन अजून खाली, लेव्हल जपून, आणि स्पीकरपासून लांब उभं राहायचं. पण खरं काम करंगळीचं. तार छेडताना गिटारीचं बटण बंद असतं. छेडली की हळूच उघडायचं. म्हणून सूर छेडल्यासारखा येत नाही, फुंकल्यासारखा येतो.

सांगितलं नाही. पातेली घासत बसले.

"देवानं तुला न्हाई म्हटलं, त्यात माझा काय दोष गं?"

मी म्हटलं, "चोराला बरा देव आठवतो!"

आई मधे पडली – "भांडू नगासा. देवाचं देवाला ठावं." त्याला भातावर तूप वाढलं. मलाही वाढत होती, मी ताट सरकवलं.

५ जानेवारी १९९२

गिटारीच्या तारा सैल करून ठेवल्या. आज आई म्हणाली, "एवढं मनाला लावून घिऊ नगं, लगीन झालं की समदं इसरशील."

१९ जानेवारी, रविवार

लोंढ्याहून निरोप. जत्रा संपल्या की यशवंत अण्णाला काढणार. ऐकून बरं वाटलं. अर्धा दिवस. मग तेही वाटेना. तो येईल, स्टॉलवर बसेल, पेडल परत मिळेल. पण ज्या हातानं दिलं त्याच हातानं काढून घेतलं, ते कसं विसरू? त्याच्याशी बोलणार नाही म्हणजे नाही. आयुष्यभर.

दुपारची गाडी गेल्यावर फलाटावर एकटीच होते. मनातल्या मनात करंगळी फिरवत होते. मोठ्यानं रडले.

२ फेब्रुवारी, रविवार

आईच्या देवाचा कान्हू गुरव आज गाडीसाठी थांबला होता. मी चहा दिला. "लेकी, तू हितं कशी? तू तर गाण्यावाल्यांसंगं जाणार हुतीस न्हवं?"

म्हटलं, डावा पडला ना.

"कुणी सांगितलं तुला? म्याच लावला की कौल! उजवा पडला. तुजी आय म्हणली परत लाव. परत उजवा. तिसऱ्यांदाबी उजवा. मग उठून गेली, परसादबी घेतला न्हाई."

आई आत तांदूळ निवडतेय. मला जवळ ओढून रडली होती ती! आणि अण्णाला तर काही माहीतच नाही. त्याला मी चोर म्हटलं.

उद्या सकाळच्या गाडीनं लोंढ्याला जाते. आईला विचारणार नाही. देवालाही नाही – त्यानं केव्हाच सांगितलंय.