आज पिल्लं लागली नाहीत

कार्डिफ, मंगळवार, १२ मार्च १९९१

लॅबमधल्या नव्या मशीनने आज फिशमीलमधलं, म्हणजे कोंबडीखाद्यातल्या माशांच्या भुकटीतलं, विष अचूक पकडलं. सुपरवायझर म्हणाली, यापुढे पिल्लं मागवायची नाहीत. आजवर मी तेच काम करत आले. कोंबडीच्या पिल्लांना आठवडाभर ते फिशमील खायला घालायचं, मग मारून पोटातल्या जखमा बघायच्या. मारण्याआधी तळहातावर घेतलं की ऊब लागून पिल्लू डोळे मिटायचं.

हे आप्पांना कसं सांगणार होते? रोज संध्याकाळी बुद्धमूर्तीसमोर ते पंचशील म्हणतात. मी शेजारी हात जोडून बसते, तळहातांत तीच ऊब आठवते, आणि प्राणिहत्या न करण्याच्या पहिल्या ओळीला मी गप्प. त्यांना काय कळतंय, असं समजत होते. मूर्खच मी!

आज ती ओळ म्हटली. आवाज नको तितका मोठा लागला. आप्पा थांबले.

"सुटलीस का गं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"लॅबकोट घरी धुतेस. खिशात पिवळी पिसं असायची." मग माझा तळहात हातात घेऊन म्हणाले, "म्हणून तर ती ओळ मी जोरात म्हणायचो, बाळा. तुझं गप्प बसणं तुला ऐकू येऊ नये म्हणून."