चीननं अडवलेली लाकडं

१९ नोव्हेंबर २०२१, इंझोरी
अकोल्याच्या डॉक्टरनं आज पुन्हा तेच सांगितलं. शांताच्या पोटातली गाठ लवकर काढा. शांता म्हणे, आपला मुकुंदा समोर उभा असल्याशिवाय मी चाकू लावू देत नाही. आमच्या घरात रीतच तशी, लेक हजर नसताना मोठं ऑपरेशन कोणाचं झालं नाही. मीबी मान डोलावली. मुकुंदा तिकडं लिथुआनियात, लाकडाच्या कारखान्यात. पंधरा डिसेंबरपासून सुट्टी मंजूर आहे. महिनाभरात काय होते!

२२ नोव्हेंबर
पेपरात आतल्या पानावर चार ओळी. लिथुआनियानं तैवानच्या नावानं कचेरी उघडू देली, अन् चीन तैवानले आपलाच म्हणते, म्हणून चीननं लिथुआनियाशी संबंधाचा दर्जा खाली आणला. तीस वर्षं पोराइले भूगोल शिकवला, हा देश कवा बोट ठेवून दाखवला नाही. आता रोज नकाशा पाहून राह्यलो.
शांताले वाचून दाखवलं. म्हणे, ते दोघं भांडतात त भांडू द्या, आपल्या लेकराले काय? मलेही तेच वाटलं.

४ डिसेंबर
मु.चा फोन. चीनच्या कस्टमच्या कॉम्प्युटरात देशांच्या यादीत लिथुआनियाचं नावच दिसत नाही म्हणे. कारखान्याच्या फळ्या बंदरावर पडून. अर्धे मजूर घरी बसवले. याचा कामाचा परवाना त्याच कारखान्याचा, आता देश सोडला त वापस घेतीन का, भरोसा नाही.
"बाबा, थांबू का जरासा?"
थांब म्हणालो. शांताले विचारलंही नाही.
मंग सांगितलं तवा हसली. "येऊ द्या जानेवारीत. गाठ कुठी पळून राह्यली?"

२९ डिसेंबर
शांताले अर्धी भाकरही जात नाही. मेव्हणा म्हणाला, भाऊजी, मी उभा राह्यतो ना मुकुंदाच्या जागी. शांता ऐकत नाही. मी ताट सरकवून उठलो. राग चीनचा, निघाला तिच्यावर. दिवसभर लाज वाटली.

६ जानेवारी २०२२
लिथुआनियाच्याच एका मोठ्या पुढाऱ्यानं म्हटलं, कचेरीचं नाव ठेवण्यात चूक झाली. शांता खूश. चूक कबूल केली, आता मिटन म्हणे. मु.ले विचारलं. फळ्या अजून बंदरावरच म्हणे.

१७ जानेवारी, अकोला
गाठ पसरली. पोट उघडून पाहू, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. शांता लगेच हो म्हणाली, मु.चं नावही काढलं नाही. माह्याशी तेवढं बोलली, "त्याले आताच सांगू नका. धावत येईन अन् काम जाईन."
नर्सनं कागद समोर धरला. तुम्ही पेशंटचे कोण? नवरा म्हटलं. इथं सही करा म्हणे. केली. लेक कुठं आहे, कोणी विचारलं नाही.
दीड तास झाला आत नेऊन. बाकावर बसून लिहून राह्यलो. नोव्हेंबरातही माहीच सही चालली असती.